चौथ्या गटातल्या बायका

एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध छापून आला. त्याच्या शीर्षकात जागेचं नाव म्हणून फक्त 'ग्रामीण भारत' आहे. हा ग्रामीण भारत म्हणजे उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे आम्हा लातूर-नांदेडकडच्यांची बरीचशी सोयरीक तिकडचीच. माझ्या मावशीचं सासर तिकडचं. म्हणून मी तो निबंध जरा जास्तच सावकाश वाचला.

प्रयोग असा होता. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हळूहळू होतो, आधी काही वर्षं तिथल्या पेशी बदलत जातात आणि त्या टप्प्यावर पकडला तर बाई वाचते. प्रश्न होता, गावाकडे तो पकडायचा कसा? १९९९ च्या अखेरीस काम सुरू झालं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका निवडल्या. त्यांच्या गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते समूह चार गटांत वाटले. पहिल्या गटातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्या गटाची पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्या गटाची 'व्हीआयए', म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तसलं पातळ आम्ल लावून, जागा पांढरी पडते का हे डोळ्यांनी बघणं. तिन्ही गटांत तपासणी एकदाच, आणि दोष सापडला तर उपचार.

चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था. त्यांना या आजाराची माहिती दिली होती, पण प्रयोगातली कोणतीही तपासणी केली नाही. या गटात ३१,४८८ बायका होत्या.

मग आठ वर्षं कोण आजारी पडतं, कोण मरतं याची नोंद ठेवली. या कर्करोगाने झालेले मृत्यू: पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ५४, तिसऱ्यात ५६, चौथ्यात ६४. पहिला गट चौथ्यापेक्षा अडीच हजारांनी मोठा होता, हे धरलं तर एचपीव्ही तपासणीच्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅप आणि व्हीआयए यांच्या गटांत मात्र खात्रीने बोट ठेवावं इतका फरक पडला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. असे आकडे माझ्या रोजच्या कामातले आहेत. ॲपमध्ये नवं काही आणायचं झालं की अर्ध्या लोकांना नवं दाखवायचं, अर्ध्यांना जुनंच ठेवायचं आणि दोन आठवड्यांनी फरक बघायचा. जुनं मिळालेल्यांना आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. कंट्रोल नसेल तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणून हा निबंध वाचताना माझ्यातल्या इंजिनियरने आधी मान डोलावली. स्वच्छ प्रयोग, मोठा आकडा, ठळक उत्तर. मग मी एक हिशेब केला. चौथ्या गटालाही एचपीव्ही तपासणी मिळाली असती तर त्या ६४ पैकी साधारण तीस बायका वाचल्या असत्या. तीस म्हणजे एका एसटीतल्या बसलेल्या बायका.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. ज्याच्याकडे आधीपासून काहीच नाही, त्याला 'काहीच नाही' या गटात ठेवणं हा अन्याय आहे का? त्याचं काही काढून घेतलेलं तर नाही.

हे काम बाहेरून आलेल्या कुणी गुपचूप केलेलं नव्हतं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं, पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. बार्शीच्या लोकांचं काम तर त्याच्याही आधीपासूनचं. १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी त्यांनी सुरू केली, बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांत. नोंदणीची माणसं गावोगाव फिरत, बायकांशी बोलत, कोणती लक्षणं दिसली की दवाखाना गाठायचा ते सांगत. एवढ्यानेच बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ साली त्यांनी हे छापलंही. महागडं यंत्र नाही, नुसतं जाऊन बोलणं. या माणसांना खलनायक करून लेख लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल.

दुसरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशीच आपल्याकडची समजूत बरीच वर्षं होती. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. तिथल्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं आणि ते १९९३ साली मागे घेतलं. झोपेचं एक औषध, झोल्पिडेम, बाजारात आल्यावर वीसेक वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच प्रशासनाने बायकांसाठी त्याचा डोस निम्मा केला, कारण बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त उरतं. बायकांना संशोधनात घेतलं नाही तर काय होतं, हे त्या गोळीने दाखवलं. उस्मानाबादला बायकांना घेतलं होतं, लाखाच्या वर घेतलं होतं. फक्त त्यातल्या ३१,४८८ जणींचं काम होतं जसं चाललंय तसं चालू देणं.

यावर आक्षेप आला तो अमेरिकेतल्या डॉ. एरिक सुबा या पॅथॉलॉजिस्टकडून. त्यांनी व्हिएतनाममध्ये पॅप तपासणी उभी करण्याचं काम केलं होतं. उस्मानाबाद, मुंबई आणि तामिळनाडूतलं दिंडिगुल अशा तीन चाचण्या त्यांनी एकत्र धरल्या. २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये त्यांनी लिहिलं, की या तिन्हींमध्ये मिळून १,३८,६२४ बायकांना कोणतीही तपासणी दिली नाही आणि त्यांच्यातल्या किमान २५४ जणी या कर्करोगाने गेल्या. पॅप तपासणीने मृत्यू कमी होतात हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं माहीत होतं, मग ते परत सिद्ध करायला इथल्या बायका कशाला, असा त्यांचा सवाल होता. संशोधकांनी उत्तर दिलं. भारतात अशी तपासणी सरकारी व्यवस्थेत नव्हतीच. पॅपला लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ गावात कुठून आणायचे? आणि स्वस्तातल्या पद्धतीने मृत्यू खरोखर कमी होतात का, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

वाद जुना आहे. १९९७ साली हाच वाद एड्सवरून पेटला होता. गरोदर बाईकडून बाळाला होणारी लागण एझेडटी या औषधाने खूप कमी होते हे १९९४ मध्ये कळलं होतं. तरी आफ्रिकेत आणि इतर गरीब देशांत, औषधाच्या छोट्या आणि स्वस्त डोसाची तुलना चालली होती ती बिनऔषधाच्या गोळीशी. तिथेही समर्थन हेच होतं, की या बायकांना नाहीतरी काय मिळणार होतं.

'तिथे काहीच नव्हतं.' हे वाक्य मराठीत बोलून बघा. त्यात कर्ता नाही. पाऊस नव्हता, वीज नव्हती, तपासणी नव्हती. आपल्या भाषेत ही तिन्ही वाक्यं सारखीच दिसतात, म्हणून तपासणी नसणंही हवामानासारखं वाटायला लागतं. पण तपासणी ढगातून पडत नाही. कुणीतरी कुठल्यातरी बजेटमध्ये ती घातली नाही, वर्षानुवर्षं घातली नाही, म्हणून ती नव्हती. माझ्या ॲपमधलं 'जुनं' हे निदान आम्हीच बनवलेलं असतं आणि ते आम्हाला ठाऊक असतं. उस्मानाबादच्या चौथ्या गटातलं 'जुनं' कुणी बनवलं, हे त्या निबंधाच्या कोष्टकात दिसत नाही. दिसण्याचं कारणही नाही, तो वैद्यकाचा निबंध आहे.

गंमत म्हणजे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांकडे या 'नव्हतं'ला कर्ता जोडणारा एक शब्द आहे, अनुशेष. १९८४ च्या दांडेकर समितीपासून तो आमच्या वर्तमानपत्रांत रोज असतो. शाळेत असताना मला वाटायचं की हे एखाद्या धरणाचं नाव आहे. अनुशेष म्हणजे नुसता अभाव नव्हे. तो मोजलेला आणि कुणाच्या तरी नावावर टाकलेला अभाव असतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, आरोग्याचा अनुशेष, असे कोटींतले आकडे आम्ही काढतो आणि मुंबईशी भांडतो. या शब्दातून बघितलं तर चौथा गट काही 'नैसर्गिक' परिस्थितीत उभा नव्हता. तो अनुशेषात उभा होता आणि प्रयोगाने त्याच अनुशेषाचा मोजपट्टी म्हणून वापर केला.

हे आपल्याला पटकन का दिसत नाही? मला वाटतं, काही दिल्यामुळे झालेलं नुकसान डोळ्यांत भरतं, न दिल्यामुळे झालेलं भरत नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळेच झाले असं काही ठरलं नाही, तरी २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला आणि वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्याबद्दल फटकारलं. औषध नियंत्रकांनाही जाब विचारला. विचारायलाच हवा होता. पण तिथे विचारता आला, कारण सुई टोचली होती. सुईची तारीख असते, बॅच नंबर असतो. न केलेल्या तपासणीला तारीख नसते. ६४ बायका आठ वर्षांत, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा औषधांच्या तुटवड्याचे आरोप झाले, रुग्णालयाने ते नाकारले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, देशभरचे कॅमेरे आले. तेच मृत्यू आठ वर्षांत विखुरले असते तर कोण आलं असतं?

आता माझ्या मावसबहिणीकडे येते, कारण या सगळ्यात मला नवं काही सुचलं ते तिच्यामुळे. ती लातूरची. लातूरमध्ये बारावी सायन्सला असणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. दोनदा नीट दिली, एमबीबीएस थोडक्यात हुकलं, मग बी. फार्म. नातेवाइकांनी तेव्हा 'हरकत नाही, मेडिकल टाकता येईल' असं सांत्वन केलं. तिला मेडिकल टाकायचं नाही. तिला औषध निरीक्षक व्हायचंय, एमपीएससीतून. औषध निरीक्षकाला फार्मसीची पदवी चालते, हे आमच्या घरात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. दुकानांची आणि कारखान्यांची तपासणी करायची, संशय आला तर नमुना घ्यायचा, बनावट माल पकडायचा, कोर्टात उभं राहायचं. २००३ साली माशेलकर समितीने दोनशे दुकानांमागे आणि पन्नास कारखान्यांमागे एक निरीक्षक हवा असं सुचवलं होतं. म्हणजे कामाला तोटा नाही.

रात्री ती फोनवर कलमं म्हणून दाखवते आणि मी चुका काढते. एकदा तिने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २३ म्हटलं. निरीक्षकाने दुकानातून गोळ्यांचा नमुना घेतला तर त्याची रास्त किंमत दुकानदाराला देऊ करायची. नमुना कशासाठी घेतला ते त्याला लेखी कळवायचं. त्याच्यासमोर नमुन्याचे साधारणपणे चार भाग करून सील करायचे. एक भाग दुकानदाराला परत, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टासाठी, एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. मग कलम २५. विश्लेषकाचा अहवाल आला की निरीक्षकाने त्याची एक प्रत ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला द्यायची. 'द्यावी' नाही, द्यायचीच.

मी तिला म्हटलं, परत म्हण. तिला वाटलं तिचं काही चुकलं.

पॅरासिटामोलच्या दहा गोळ्या उचलल्या तर त्या कुणाकडून उचलल्या हे कायदा विसरत नाही. किंमत, पावती, नमुन्याचा वाटा आणि शेवटी उत्तराची प्रत. आणि १,३१,७४६ बायकांकडून आठ वर्षं नोंदी घेतल्या, त्यातल्या ६४ जणींकडून घेतलेली शेवटची नोंद म्हणजे त्यांचा मृत्यू, तर उत्तराची प्रत त्यांच्या गावात पोचवण्याचं काम कायद्याने कुणाच्याच नावावर नाही.

बहिणीने लगेच अडवलं. "ताई, ती प्रत त्याला बचावासाठी देतात. त्याच्यावर केस होऊ शकते म्हणून. उपकार म्हणून नाही देत." तिचं बरोबर होतं आणि त्यामुळे माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याच्या हातात कागद द्यायचा, म्हणजे तो भांडू शकेल, हाच त्या कलमाचा हेतू आहे. बाईच्या हातातही तो कागद भांडायलाच हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तिला म्हणता यायला हवं, की आमच्याच जिल्ह्यात सिद्ध झालंय, एका तपासणीने मरणं निम्मी होतात, मग ती कुठे आहे?

तिने दुसराही मुद्दा काढला, जो मला जास्त अवघड गेला. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. चाचणीतल्या माणसाला नव्या औषधाचा उपयोग झाला, दुसरा उपाय नसला आणि नैतिकता समितीने मान्य केलं तर चाचणीनंतरही ते औषध मोफत द्यायची सोय त्यात आहे. पण ही सोय ज्याला औषध मिळालं होतं त्याच्यासाठी. ज्याला काहीच मिळालं नव्हतं तो तिथे बसतच नाही, आणि गाव तर मुळीच बसत नाही. शिवाय उस्मानाबादची चाचणी औषधाची नव्हतीच. "मग हे माझ्या खात्याचं कामच नाही," ती म्हणाली. "पण कुणाचं आहे?"

इथे माझी विचारांची गाडी बराच काळ अडली. बार्शीचे डॉक्टर देशाचं धोरण ठरवत नाहीत. ल्योंची संस्था परंड्याला तपासणी केंद्र चालवू शकत नाही. पैसे देणारे पुढच्या प्रकल्पाकडे जातात. सरकारने तर ना प्रयोग केला, ना वचन दिलं. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं तरी चौथ्या गटातली बाई होती तिथेच राहते. मग अन्याय केला कुणी?

मला आता असं वाटतं की 'काहीच नाही' असा गट ठेवणं हे कर्ज काढण्यासारखं आहे. कर्ज काढणं वाईट नसतं. पण कोण फेडणार हे न ठरवता कुणी कर्ज काढलं, तर पुढे ते फिटलं तरी काढताना केलेली चूक चूकच राहते, आणि नाही फिटलं तर ती मोठी होते. म्हणजे तो गट नैतिक होता का, याचं निम्मं उत्तर १९९९ मध्ये द्यायला हवं होतं आणि निम्मं त्यानंतरच्या वर्षांत ठरत गेलं. फेडणारा कोण, याबाबत कलम २५ मला शहाणं वाटतं. गोळी विश्लेषक तपासतो, अहवाल त्याचा, निकाल कोर्टाचा. पण प्रत पोचवायची जबाबदारी नमुना घेणाऱ्या निरीक्षकाची. जो दारात आला होता त्यानेच परत जायचं. तपासणी केंद्र उभारणं त्याच्या हातात नसेल, कागद पोचवणं असतं.

त्या उत्तराचं पुढे काय झालं तेही बघू. जगभर त्याचा मान झाला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली, आणि अशा शिफारशींमागच्या पुराव्यांत उस्मानाबादचे आकडे महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी असं धोरण आणलं, त्यात पद्धत निवडली व्हीआयए. ही निवड निव्वळ अडाणीपणाची नव्हती. व्हीआयए स्वस्त आहे, नर्स करू शकते, निकाल लगेच कळतो, आणि मुंबई व दिंडिगुलच्या चाचण्यांत तिने मृत्यू कमी झालेले दिसले होते. पण त्यानंतर झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. कोणत्याही पद्धतीने. म्हणजे वाद एचपीव्ही की व्हीआयए असा राहतच नाही. जवळजवळ सगळा देशच चौथ्या गटात आहे, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

आणि मोकळी जागा मोकळी राहत नाही. शेजारच्या बीडचं तुम्ही वाचलं असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या कितीतरी जणींना खाजगी दवाखान्यात सांगितलं गेलं होतं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. एका विशीतिशीतल्या बाईला कॅन्सरची खरी शक्यता किती, तपासणी कोणती, ती केली तर काय टळतं, हे सगळं ज्ञान दोन तालुके पलीकडे तयार झालं होतं. ते तिच्यापर्यंत आलं नाही, 'कॅन्सर' हा शब्द तेवढा आला.

म्हणून आम्ही दोघींनी कलम २५ ची प्रत आपल्यापुरती लिहून बघायची ठरवली. एका पानाचा कागद, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावता येईल असा. माझा पहिला खर्डा असा सुरू होत होता: 'तुमच्या जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांनी भाग घेतलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष'. बहिणीने 'निष्कर्ष' काढून 'काय कळलं' केलं. 'गर्भाशयमुख' काढून 'पिशवीचं तोंड' केलं. चार गटांचे चार आकडे मला हवेच होते, चौथा तर ठळक अक्षरात. ती नको म्हणाली. ६४ हा आकडा वाचून बाई घाबरेल आणि घाबरलेली बाई पिशवी काढायला जाईल, हे तिने मेडिकलच्या काउंटरवर ट्रेनिंग करताना पाहिलंय. मी म्हटलं, त्या ६४ जणींमुळेच तर हे कळलं, त्यांनाच कागदावरून कसं काढायचं? बरंच भांडण झालं. शेवटी आकडे राहिले, पण त्यांच्या वर, मोठ्या अक्षरात, दोन ओळी आल्या. तीस वर्षं पूर्ण झाली की काही त्रास नसला तरी तपासणी करा. तपासणीत दोष निघाला म्हणजे पिशवी काढावी लागते असं नाही.

तिसरी ओळ 'तपासणी इथे होते' अशी आहे. तिच्यापुढे वार आणि वेळ लिहायला जागा सोडलीय. बहीण या रविवारी मावशीच्या सासरी जाणार आहे. तिथल्या आशाताईंना विचारून ती भरायची आहे.